मास्तर लढाईवर जातात तेव्हा

मागच्या महिन्यात एका शनिवारी रात्री होस्टेलच्या कॉमन रूममध्ये ‘तोरा! तोरा! तोरा!’ लावला होता. १९७० सालचा सिनेमा, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याचा. पडद्यावर जपानी झिरो विमानांचा थवा आला आणि खोलीत शिट्ट्या सुरू झाल्या. तेवढ्यात मागच्या कोपऱ्यातून आवाज आला, “अरे, ही झिरो नाहीतच! ही हार्वर्ड आहेत!” बोलणारा आमचा रूममेट. एरोमॉडेलिंगचं वेड असलेला प्राणी. त्याला सगळ्यांनी मिळून उशा मारून गप्प केलं आणि सिनेमा पुढे चालू झाला.

पण पठ्ठ्याचं म्हणणं खरं होतं. सिनेमा काढायच्या वेळी उडणारी झिरो विमानं मिळेनात. मग निर्मात्यांनी हार्वर्ड जातीची जुनी ट्रेनर विमानं गोळा केली, त्यांच्या नाकाचा आणि कॉकपिटच्या छताचा आकार बदलला, रंग फासला आणि त्यांना झिरो म्हणून उडवलं. हे तेच हार्वर्ड, ज्यावर आपल्या हवाई दलातल्या कितीतरी वैमानिकांनी उडण्याचे धडे गिरवले.

सिनेमातला तो नुसता मेकअप होता. बंदुका खोट्या, लढाई खोटी. पण १९४२ साली ऑस्ट्रेलियात याच घराण्यातलं एक ट्रेनर विमान घेऊन त्याचं खरोखरीचं, एका सीटचं, तोफा लावलेलं लढाऊ विमान केलं गेलं. तेही फक्त १५९ दिवसांत. म्हणजे आपलं एक सेमिस्टर, अधिक पीएल. रूममेटच्या मते ते विमान ‘फ्लॉप’ होतं. माझ्या मते नव्हतं. आमचा वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे तो आता तुमच्यापुढे मांडतो.

आधी थोडं बेसिक. ट्रेनर म्हणजे विमानांमधले मास्तर. पुढे विद्यार्थी, मागे शिकवणारा आणि दोघांकडेही कंट्रोल. विद्यार्थी चुकणार हे धरूनच ते बांधलेलं असतं. ते कमी वेगातही हवेत टिकतं आणि स्टॉल व्हायच्या आधी इशारा देतं. विद्यार्थी विमान जमिनीवर उतरवत नाही, आपटतो. म्हणून चाकांचे पाय दणकट असतात. इंजिन लहान, कारण पेट्रोलचं बिल सरकारला भरायचं असतं. लढाऊ विमानाचं सगळंच उलटं. वेग, चढाई आणि मारा या तीन गोष्टींसाठी बाकीच्या सगळ्या गोष्टींवर पाणी सोडलेलं असतं.

लढाऊ विमानाचं ट्रेनर करणं त्यामानाने सरळ काम आहे. आपल्याकडे मारुत आणि अजित ही दोन्ही आधी एका सीटची लढाऊ विमानं होती, मग त्यांची दोन सीटची रूपं काढली गेली. एखादी टाकी किंवा तोफ काढायची, जागा करायची, मागे सीट बसवायची. वेग थोडा कमी झाला तरी कोणाचं बिघडत नाही. उलट दिशेने जाणं मात्र अवघड. नुसती मागची सीट काढून मास्तरांचा पैलवान होत नाही.

मग ऑस्ट्रेलियाने हा उद्योग का केला? त्यासाठी १९३६ सालात जावं लागतं. त्या वर्षी कॉमनवेल्थ एअरक्राफ्ट कॉर्पोरेशन, म्हणजे सीएसी, ही कंपनी स्थापन झाली आणि मेलबर्नजवळ फिशरमन्स बेंड इथे तिचा कारखाना उभा राहिला. तोपर्यंत त्या देशात विमानं मोठ्या प्रमाणावर बनत नव्हती. कारखान्याचा प्रमुख लॉरेन्स वॅकेट. त्याच्या नेतृत्वाखाली एक पथक युरोप आणि अमेरिका फिरून आलं. कारखान्यात पहिलं विमान कुठलं बनवायचं, हे ठरवण्यासाठी. त्यांनी निवडलं अमेरिकेच्या नॉर्थ अमेरिकन कंपनीचं एनए-१६, एक साधं ट्रेनर. यावर बरीच टीका झाली. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशाने अमेरिकन विमान घ्यायचं, आणि तेही ट्रेनर! पण नवशिक्या कारखान्याला झेपेल असं तेच होतं. मशीन शॉपमध्ये पहिल्याच दिवशी कोणी आपल्याला गिअर कापायला देत नाही, आधी जॉब फेसिंगला लावतात, तसलाच हा प्रकार.

त्या एनए-१६ मध्ये सुधारणा करून बनलं ते विरावे. तिथल्या आदिवासी भाषेतला हा शब्द, अर्थ ‘आव्हान’. पहिलं उड्डाण २७ मार्च १९३९. इंजिन प्रॅट अँड व्हिटनीचं वास्प, ९ सिलिंडरचं, ६०० अश्वशक्तीचं, तेही ऑस्ट्रेलियातच लायसन्सवर बनवलेलं. एकूण ७५५ विरावे बनली. आपलं हार्वर्डही याच एनए-१६ चं अपत्य, म्हणजे हार्वर्ड आणि विरावे ही चुलत भावंडं. फरक एवढाच की विराववर नाकात दोन मशीनगन आणि मागच्या माणसाकडे एक मशीनगन दिलेली होती. प्रशिक्षण, टेहळणी, हलकी बॉम्बफेक, अशी पडतील ती सगळी कामं त्याने करायची.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर त्यांच्या हवाई दलाकडे एका सीटचं आधुनिक लढाऊ विमान एकही नव्हतं. ब्रिटन स्वतःच्याच लढाईत अडकलेला. अमेरिका पर्ल हार्बरच्या धक्क्यात. मागणी नोंदवली तरी माल कधी येणार हे कोणी सांगू शकत नव्हतं.

याचा अर्थ काय होतो ते २० जानेवारी १९४२ रोजी रबाउलला दिसलं. रबाउल हे न्यू गिनीच्या ईशान्येला, न्यू ब्रिटन बेटावरचं बंदर. त्या दिवशी जपानी विमानवाहू जहाजांवरून शंभराहून जास्त विमानं त्यावर चालून आली. समोर गेली ८ विरावे. मास्तर लढाईवर गेले ते असे, काहीही बदल न करता. तीन पाडली गेली, दोन आदळत उतरली, आणखी एक जायबंदी झालं. त्या विमानांमधले ६ जण मारले गेले, ५ जखमी झाले. तिथला स्क्वाड्रन प्रमुख जॉन लेरू याने वरिष्ठांना लॅटिनमध्ये तार केली. रोमन आखाड्यात मरायला उतरणारे योद्धे राजाला जो अखेरचा सलाम करत, तोच त्याने तारेत घातला. वर बसलेल्यांना त्याचा अर्थ कळायला थोडा वेळ लागला असेल, पण रोख चुकणं शक्य नव्हतं.

वॅकेटने मात्र रबाउलची वाट पाहिली नव्हती. पर्ल हार्बरनंतर दोन आठवड्यांतच, २१ डिसेंबर १९४१ रोजी, त्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नव्या विमानाचं काम सुरू झालेलं होतं. त्याने प्रश्न कसा मांडला ते बघण्यासारखं आहे. ‘सर्वात चांगलं लढाऊ विमान कसं असावं’ हा त्याचा प्रश्नच नव्हता. बाहेरून काहीही येणार नाही असं धरलं, तर आपल्या हातात काय आहे? हा प्रश्न होता. हातात दोन गोष्टी होत्या. एक, विरावेचे जिग-फिक्श्चर, साचे, आणि ते वापरायला शिकलेले कामगार. दोन, सिडनीजवळ लिडकम इथला इंजिनचा कारखाना, जिथे ब्यूफर्ट बाँबर विमानांसाठी ट्विन वास्प इंजिनं बनत होती. १४ सिलिंडर दोन रांगांत, १२०० अश्वशक्ती. देशात बनणारं त्याहून मोठं इंजिनच नव्हतं. म्हणजे पंख-चाकं-शेपूट विरावेचं, इंजिन बाँबरचं, आणि मधलं धड नवीन. कँटीनमध्ये सकाळची भाजी आणि रात्रीचा भात मिळून नवाच पदार्थ समोर येतो, त्यातला प्रकार. फक्त इथे बनवणाऱ्याला आकडेमोड येत होती.

ती आकडेमोड करणारा माणूस होता फ्रेड डेव्हिड. ऑस्ट्रियाचा ज्यू, हिटलरच्या छळातून निसटून ऑस्ट्रेलियात आलेला निर्वासित. त्याआधी त्याने जर्मनीत हाइन्केल कंपनीत काम केलेलं आणि नंतर जपानमध्ये मित्सुबिशी आणि आइची कंपन्यांतही. म्हणजे समोरून येणारी विमानं ज्या ड्रॉइंग बोर्डांवर जन्मली, त्यांची रीत आतून माहीत असलेला माणूस. आणि कागदोपत्री तो ‘शत्रूराष्ट्राचा नागरिक’! ऑस्ट्रेलियन सरकारने त्याला नजरकैदेत टाकलेलं होतं. देशाचं पहिलं लढाऊ विमान ज्याच्या डोक्यातून निघायचं, त्याच्यावरच पहारा. सरकारी फायलींना विनोदबुद्धी नसते हे जगभर सारखंच.

आता खरं इंजिनिअरिंग. विरावेतून मागचा माणूस आणि त्याची मशीनगन काढली की गुरुत्वमध्याच्या मागचं वजन कमी होतं. नाकात वास्पच्या जागी ट्विन वास्प बसवलं की तिथलं वजन दीड-दोनशे किलोनं वाढतं. सी-सॉच्या एका टोकाचा मुलगा उतरला आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाला हत्ती बसला. विमान नाकावर पडणार. म्हणून जुन्या धडात फेरफार करून भागत नाही, धड नव्यानेच आखावं लागतं. इंजिन पंखाच्या जितकं जवळ आणता येईल तितकं आणलं, म्हणजे हत्तीचा आर्म कमी झाला. पेट्रोलची मोठी टाकी वैमानिकाच्या पाठीमागे ठेवली. त्यामुळे जे विमान तयार झालं ते आखूड, गुबगुबीत, फुगलेल्या नाकाचं. लांबी ७.७७ मीटर, झिरोची ९.०६. पंख विरावेचेच, पण कापून आखूड केलेले. विरावेचा विस्तार १३.११ मीटर, याचा १०.९७. धडाची आतली चौकट पोलादी नळ्यांची, ट्रेनरला शोभेल अशी. सुंदर वगैरे म्हणता येणार नाही. फोटो पाहिला तर बुलडॉगचं पिल्लू आठवतं. नाव ठेवलं बूमरँग.

सरकारने २ फेब्रुवारी १९४२ ला १०५ विमानांची ऑर्डर दिली. प्रोटोटाइप नाही, विंड टनेलमध्ये वर्षभराच्या चाचण्या नाहीत, ड्रॉइंगवरूनच ऑर्डर. २९ मे १९४२ रोजी पहिलं बूमरँग केन फ्रुइन या वैमानिकाने उडवलं, आणि ते विमान म्हणजे उत्पादनातलं पहिलं विमान, नमुना नव्हे. मधल्या काळात १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं होतं आणि १९ फेब्रुवारीला खुद्द डार्विन शहरावर बाँब पडले होते. ड्रॉइंग ऑफिसातले दिवे रात्री का जळत असतील, ते वेगळं सांगायला नको.

तोफांची गंमत तर ऐकाच. लढाऊ विमानाला २० मिलिमीटरच्या तोफा हव्यात हे ठरलं, पण देशात त्या बनत नव्हत्या. एका ऑस्ट्रेलियन सैनिकाने मध्यपूर्वेतल्या रणांगणावरून आठवण म्हणून एक हिस्पानो तोफ उचलून आणली होती. ती मिळवली, सुटी केली, एकेक भाग मोजला आणि तिची नक्कल केली. आजच्या भाषेत रिव्हर्स इंजिनिअरिंग. अशा दोन तोफा आणि चार मशीनगन बूमरँगच्या पंखांत बसल्या.

आता रूममेटचा आवडता मुद्दा: वेग. विरावेचा कमाल वेग ताशी ३५४ किलोमीटर. इंजिन दुप्पट केलं, मग वेग दुप्पट का नाही झाला? कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि शक्ती म्हणजे रोध गुणिले वेग, म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. दुप्पट शक्तीतून मिळणारा वेग २ च्या घनमुळाइतकाच, म्हणजे १.२६ पट. ३५४ गुणिले १.२६ म्हणजे साधारण ४४६. बूमरँगचा कमाल वेग ताशी ४९० किलोमीटर, तोही १५,५०० फुटांवर. वरचे चाळीस-पंचेचाळीस कुठून आले? काही पंख कापल्याने आणि धड सुटसुटीत केल्याने, पण बरेचसे उंचीवरच्या विरळ हवेमुळे. सुपरचार्जर इंजिनाला तिथपर्यंत पुरेशी हवा देत होता आणि विमानाला मात्र रोध कमी लागत होता. (फ्लुइड मेकॅनिक्सच्या सरांनी हे गणित तपासून द्यायचं कबूल केलं होतं. त्यांनी घन बरोबर आहे म्हटलं आणि अक्षर वाईट आहे म्हटलं.)

झिरो त्या वेळी ताशी ५३० च्या आसपास उडत होतं, आणि इंजिन बूमरँगपेक्षा लहान, साडेनऊशे अश्वशक्तीचं. हे कसं? भरलेल्या झिरोचं वजन सुमारे २,४०० किलो, बूमरँगचं जवळजवळ ३,५००. पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर झिरो सुमारे १०७ किलो पेलत होतं, बूमरँग १६७. झिरोच्या डिझायनरांनी प्रत्येक ग्रॅमसाठी भांडण केलं होतं, अगदी वैमानिकाच्या पाठीमागचं चिलखतसुद्धा सोडून दिलं. बूमरँगला चिलखत होतं, दणकट चौकट होती आणि विद्यार्थ्यांच्या आपटण्यासाठी बनवलेले चाकांचे पाय होते. ट्रेनरचे संस्कार असे सहजासहजी जात नाहीत.

असा प्रयोग करणारे ऑस्ट्रेलियन एकटेच नव्हते. १९४० मध्ये इंग्लंडमध्ये माइल्स कंपनीने आपल्याच ट्रेनरचे सुटे भाग वापरून एम-२० नावाचं एका सीटचं लढाऊ विमान फक्त ६५ दिवसांत उभं केलं. त्या ट्रेनरचं नाव होतं, खोटं वाटेल, पण खरोखरच ‘मास्टर’. चाकं आत घ्यायची यंत्रणाच नाही, म्हणजे हायड्रॉलिक्सचा व्याप नाही. इंजिन मर्लिन, मशीनगन ८. १५ सप्टेंबर १९४० रोजी ते उडालं, आणि गंमत म्हणजे चाकं खाली लोंबकळत असूनही त्याने हरिकेनला वेगात मागे टाकलं, स्पिटफायरला मात्र नाही. पण हरिकेन आणि स्पिटफायरचं उत्पादन काही बंद पडलं नाही, त्यामुळे एम-२० ची गरज लागली नाही. दोनच नमुने बनले. इंग्लंडकडे स्पिटफायर होतं म्हणून मास्तरांना वर्गात परत जाता आलं. १९४२ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाकडे तो पर्यायच नव्हता.

आता रूममेटची बाजू. तो म्हणतो, बूमरँगने हवेत शत्रूचं एकही विमान पाडलं नाही. हे खरं आहे. एकही नाही. १९४३ मध्ये ८४ नंबरची स्क्वाड्रन ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापलीकडे, टॉरेस सामुद्रधुनीतल्या हॉर्न आयलंडवर बूमरँग घेऊन गेली. १६ मे १९४३ रोजी दोन बूमरँगांची गाठ तीन जपानी बेटी बाँबरांशी पडली. गोळीबार झाला, बाँबर निघून गेले.

का निघून गेले हे पुन्हा साध्या वजाबाकीत आहे. बेटीचा कमाल वेग ताशी ४२८ किलोमीटर. बूमरँगचा ४९०. फरक ६२. म्हणजे मिनिटाला साधारण एक किलोमीटर. बाँबर १० किलोमीटर पुढे असेल तर पूर्ण थ्रॉटलवर १० मिनिटं पाठलाग, तोही बूमरँगच्या आवडत्या उंचीवर. त्याच्या वर गेलं की सुपरचार्जर दमतो, शक्ती घसरते, आणि तो फरकही विरघळतो. बाँबर वर असेल, तर आधी तिथवर चढण्यात वेळ गेलेला असतो. आपली बस स्टँडवरून सुटलेली दिसते आणि आपण सायकलवर तिच्यामागे जातो. सिग्नल लागला तरच मिळते.

सीएसीने यावर उपायही शोधला होता. एका बूमरँगला धडात टर्बोसुपरचार्जर बसवला आणि त्याला सीए-१४ असं नाव दिलं. तो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो आणि इंजिनाला उंचीवरही हवा पुरवतो. त्या विमानाने २८,००० फुटांच्या आसपास ताशी साडेपाचशे किलोमीटरचा टप्पा ओलांडला. म्हणजे पंख-शेपटीत मोठा दोष नव्हता, इंजिनाच्या श्वासात होता. पण हे होईपर्यंत १९४३ उजाडलं होतं, डार्विनच्या रक्षणाला स्पिटफायर येऊन पोचली होती, अमेरिकन किटीहॉकही मिळत होती. सीए-१४ एकच बनलं.

इथे रूममेट टाळी द्यायला हात पुढे करतो. मी देत नाही. कारण १९४३ नंतरची दोन वर्षं तो सोयीस्करपणे विसरतो.

न्यू गिनी आणि बुगनविलच्या जंगलात जमिनीवरच्या सैन्याची अडचण वेगळीच होती. झाडी इतकी दाट की शंभर मीटरवरचा शत्रूचा मोर्चा दिसत नाही. वरून वेगाने येणाऱ्या बाँबर विमानाला तर खाली फक्त हिरवं दिसतं. बाँब कुठे टाकायचा? तिथे ४ आणि ५ नंबरच्या स्क्वाड्रनची बूमरँग कामाला आली. ती जोडीने उडत. एक अगदी झाडांच्या शेंड्यांवरून जाऊन खाली बघायचं, दुसरं थोडं वर राहून आकाशावर नजर ठेवायचं. लक्ष्य सापडलं की त्यावर धुराचा बाँब टाकायचा, आणि मग मागून न्यूझीलंडच्या कोर्सेअर विमानांनी त्या धुरावर मारा करायचा. कोर्सेअर हे त्या काळातलं अव्वल लढाऊ विमान, २००० अश्वशक्तीचं. त्याला रस्ता दाखवत पुढे जाणारं कोण, तर ट्रेनरचं पोर.

आणि हे काम बूमरँगला इतकं का जमलं? जे सगळं उंचीवर नडत होतं, तेच इथे उपयोगी पडलं म्हणून. खालच्या उंचीवर सुपरचार्जरचा प्रश्न येत नाही, तिथे इंजिन भरपूर ताकद देतं. आखूड असल्याने विमान चटकन वळतं. दरीत शिरून बाहेर पडायला हेच लागतं. नळ्यांच्या चौकटीवर गोळ्या लागल्या तरी ते घरी परत येतं. पावसाने चिखल झालेल्या कच्च्या धावपट्टीवर उतरायला विद्यार्थ्यांसाठी बनवलेले पाय अगदी योग्य. एक धोका मात्र होता: गोल नाकामुळे ते लांबून जपानी विमानासारखं दिसायचं, आणि काही वेळा मित्रसैन्याच्याच तोफा त्याच्यावर चालल्या. १९४५ पर्यंत, अगदी बोर्निओच्या मोहिमेपर्यंत, ते हेच काम करत राहिलं.

एकूण बूमरँग बनली २५०. ज्या कारखान्याने सहा वर्षांपूर्वी पहिलं ट्रेनर निवडण्यावरून शिव्या खाल्ल्या होत्या, त्याच कारखान्याने पुढे मस्टँग लढाऊ विमानं बनवली.

मास्तरांचं घराणं मात्र गमतीचंच निघालं. खुद्द नॉर्थ अमेरिकन कंपनीनेही एनए-१६ वरून एका सीटची छोटी लढाऊ विमानं बनवली होती. सात पेरूने घेतली आणि १९४१ मध्ये इक्वेडोरविरुद्ध वापरली. सहा थायलंडने मागवली, पण १९४० मध्ये अमेरिकेने ती जाऊ दिली नाहीत. अमेरिकन सैन्याने ती स्वतःकडे घेतली, पी-६४ असं नाव दिलं, बंदुका काढल्या आणि... ट्रेनर म्हणून वापरली! म्हणजे मास्तर पैलवान झाले आणि पुन्हा खडू घेऊन फळ्यापुढे उभे राहिले. फक्त सीट एकच राहिली होती, त्यामुळे शिकवणाऱ्याने बसायचं कुठे हा प्रश्न शिल्लक. त्यातलं एक विमान अमेरिकेत ऑशकॉशच्या संग्रहालयात आहे.

रशियन याक-३ ची गोष्ट तर पूर्ण वर्तुळाची. हे दुसऱ्या महायुद्धातलं एका सीटचं लढाऊ विमान. युद्धानंतर त्यावरून याक-११ हे दोन सीटचं ट्रेनर काढलं. त्यातली बरीच विमानं इजिप्तला गेली आणि तिथे वाळवंटात पडून राहिली. १९८० च्या दशकात जुन्या विमानांच्या फ्रेंच शौकिनांनी ती उचलून आणली. मग कोणी मागची सीट काढून टाकली, कॉकपिट मागे सरकवलं, नाकात प्रॅट अँड व्हिटनीचं १४ सिलिंडरचं इंजिन बसवलं आणि त्याला याक-३यू म्हणून उडवायला लागले, तर कोणी अमेरिकेतल्या रीनोच्या शर्यतीत उतरवलं. म्हणजे लढाऊचं ट्रेनर, ट्रेनरचं पुन्हा लढाऊ. मूळ याकला पाण्याने थंड होणारं व्ही-१२ इंजिन होतं. नव्या अवताराला बूमरँगच्या इंजिनाचं सख्खं भावंड मिळालं. आमचा रूममेट असल्या विमानांना ‘डुप्लिकेट’ म्हणतो. पण त्यात गुरुत्वमध्याचं तेच सी-सॉचं गणित पुन्हा सोडवावं लागतं, आणि चुकलं तर पहिल्याच उड्डाणात कळतं.

शेवटी एक गोष्ट राहिली, जी मी रूममेटला बरेच दिवस सांगितली नव्हती, कारण ती दोघांच्याही बाजूची नाही. बूमरँगने हवेत एकही विमान पाडलं नाही हे खरं. पण विरावेने पाडलं. २६ डिसेंबर १९४२ रोजी न्यू गिनीत गोनाच्या किनाऱ्यावर जॉन आर्चर हा पायलट ऑफिसर विरावे घेऊन टेहळणीला गेला होता, मागच्या सीटवर निरीक्षक. आपल्या खाली साधारण हजार फुटांवर त्याला एक जपानी लढाऊ विमान दिसलं. त्याने नाक खाली घातलं, नाकातल्या त्या दोन जुन्या मशीनगन चालवल्या, आणि ते विमान समुद्रात पडलं. आधी सगळ्यांनी ते झिरो होतं असंच धरलं. नंतर कळलं की ते जपानी लष्कराचं की-४३ होतं. अमेरिकनांनी आर्चरला सिल्व्हर स्टार दिला. ते विरावे, क्रमांक ए२०-१०३, कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन युद्धस्मारकाच्या संग्रहात जपून ठेवलेलं आहे. मागच्या सीटसकट.